दळण टाकून हरिपाठाला

मे महिन्यात आईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि माझं हरिपाठाला जाणं तिथून सुरू झालं. ठरवून वगैरे काही नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७२, आणि गेली वीसेक वर्षं रोज संध्याकाळी सहा ते सात हा तास त्यांचा विठ्ठल मंदिरातला, मग पाऊस असो, लग्न असो, घरात पाहुणे असोत. आम्ही दिघीत राहतो, आळंदी रोडच्या आतल्या बाजूला. मंदिर घरापासून दहा-बारा मिनिटांवर पण मध्ये तो रस्ता ओलांडायचा असतो, आणि ऑपरेशननंतर त्यांना एकटीला सोडायची माझी हिंमत होईना. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं सांगितलं होतं, ते त्यांनी सगळं पाळलं, ड्रॉपच्या वेळा तर माझ्यापेक्षा त्यांच्याच जास्त लक्षात. फक्त संध्याकाळचे सहा वाजले की गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथेच तोंडातल्या तोंडात म्हणायच्या.

२० जूनला माउलींची पालखी दिघीवरून पुण्याकडे गेली. दरवर्षीसारखे आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो, आई काळा चष्मा लावून माझा हात धरून. रथ पुढे गेला, मागच्या दिंड्या जात राहिल्या तरी त्या हलेनात, आणि घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाल्या, "उद्यापासून मला हरिपाठाला सोडत जा गं." मी हो म्हटलं. आता पालखी बघून आलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार.

पण संध्याकाळी सहा म्हणजे घर चालवणाऱ्या बाईची सगळ्यात अडचणीची वेळ, हे ज्यांच्या घरी शाळेतली पोरं आहेत त्यांना सांगायला नको. मुलगा दहावीला, त्याचा क्लास साडेपाचला. हे फर्स्ट शिफ्टला असले की चारला येऊन झोपलेले असतात, सहाला उठून चहा. दूध, भाजी, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी, वरचं काहीतरी निघालेलं असतंच. म्हणून मी असं बसवलं की साडेपाचला स्कूटीवर आईंना घेऊन निघायचं, पायाशी दळणाचा डबा, आधी गिरणीत दळण टाकायचं, मग मुलगा क्लासला पोचला का ते फोनवर बघायचं, आईंना मंदिराच्या पायरीशी उतरवायचं आणि तो तास आपली कामं करायची, भाजी, मेडिकल, पिको-फॉलला दिलेली साडी, कुरिअर, जे असेल ते, आणि सातला दळण घेऊन आईंना घेऊन घरी. कागदावर छान बसलं होतं. प्रत्यक्षात रोज काही तासभर कामं नसायची, सव्वासहा-साडेसहाला सगळं उरकायचं, मग घरी जाऊन परत येण्यात पेट्रोल जाळण्यापेक्षा मी मंदिराच्या पायरीवर बसून राहायची. फोनवर लाईट बिल भर, गॅस बुक कर, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवरचे शंभर मेसेज बघ. आत टाळ चालू, मी बाहेर.

असं जवळजवळ महिनाभर चाललं. एकदा घरी येताना मी आईंना म्हटलं की मी नुसती दारात बसून असते, मला कसंतरी वाटतं, आत सगळ्या काकू बघतात. तर त्या मागून म्हणाल्या, "मग काय झालं, पहिल्याच अभंगात सांगितलंय की देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं तरी पुरे." मला माहीत होता तो अभंग, लहानपणापासून कानावर आहे, पण तेव्हा खरंच मनाला लागलं, कारण मी उभीसुद्धा नव्हते, मी तिथे बसून बिलं भरत होते.

आत गेले ती पावसामुळे. श्रावण लागला होता, एक दिवस असा काही तिरपा पाऊस आला की पायऱ्या सगळ्या भिजल्या आणि उभं राहायला जागाच उरली नाही. आत जाऊन मागच्या सतरंजीवर टेकले, पिशवीत कोथिंबीर आणि आईंचे ड्रॉप. मंदिर मोठं नाही, विठ्ठल-रखुमाई, पुढे पत्र्याच्या शेडचा सभामंडप, त्यामुळे पावसाचा आवाज आणि टाळांचा आवाज एकमेकांत मिसळून नुसता घुमत होता. हरिपाठ संपला, आरती झाली, पसायदान झालं, आणि मग सगळे एकमेकांच्या पाया पडायला लागले. वारकऱ्यांत असतं हे, मला ऐकून माहीत होतं. पण समोरून एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे असतील, धोतर-टोपी, आणि "माउली" म्हणून माझ्या पायाकडे वाकले. मी दचकून मागेच सरकले. त्यांनी तरी हात जमिनीला लावून कपाळाला लावलाच. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस. घरी आले, पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढलं, पण ते वाकलेलं पांढरं डोकं काही डोळ्यासमोरून जाईना. कोणी आपल्या पाया पडावं असं मी काय केलंय आयुष्यात? दुसऱ्या दिवशी आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुझ्या पाया नाही पडले ते, आत जो बसलाय त्याच्या पडले, तू पण पडायचं परत, बिघडत नाही."

तेव्हापासून मी आत बसायला लागले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे अभंग २७, काही पुस्तकांत शेवटी आणखी एक धरून २८ छापतात. नुसते भरभर म्हटले तर अर्ध्या तासाच्या आत होतात, पण आमच्याकडे उभं राहून टाळ-मृदंगावर चालीत म्हणतात, शेवटी पावली खेळतात, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पावलं टाकत नाचतात, त्यामुळे तास लागतो. दोन रांगा समोरासमोर, मध्ये वीणेकरी बाबा, बाजूला मृदंग. मृदंग वाजवणारा मुलगा एका कंपनीत कामाला आहे, ड्यूटीवरून थेट येतो, युनिफॉर्मवरच, हात धुतो आणि बसतो. तो नसला की त्याचा धाकटा चुलतभाऊ. वीणा मात्र बाबांचीच, ते कधी गावाला गेले तर दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडते.

मला वाटायचं पाठांतर म्हणजे काय मोठंसं, रोज कानावर पडतंय. पण म्हणायला लागल्यावर कळलं की प्रत्येक अभंगाच्या शेवटी ज्ञानदेव आहेतच, आणि मध्ये मध्ये ओळी इतक्या सारख्या वाटतात की मी बाराव्यातून सरळ एकोणिसाव्यात जायची. बाजूच्या काकू कोपराने ढोसायच्या, हळूच, रागाने नाही. मग मी घरी पुस्तक कणकेच्या डब्याला टेकवून ठेवायला लागले. कणीक मळताना एक अभंग. रोज नवा नाही, तोच तो, कधी कधी तीन-चार दिवससुद्धा, जोपर्यंत पुस्तकाकडे न बघता होत नाही तोपर्यंत. पुस्तकाच्या पानांना पीठ लागून लागून ती जाड झालीत. गणपतीपर्यंत माझे अठरा झाले होते, सगळे पाठ व्हायला दसरा उजाडला. मुलगा म्हणायचा आई तू माझ्यापेक्षा जास्त अभ्यास करतेस, आणि एकदा मी स्वयंपाकघरात नवव्यात अडकले तर बाहेरून त्यानेच पुढची ओळ सांगितली. त्याला येत होती! लहानपणी आजीच्या मांडीवर झोपायचा ना रोज.

पाठांतरापेक्षा मला खरं वेड लावलं टाळाने. मंदिरात एक लाकडी पेटी आहे, त्यात आमच्या हरिपाठ मंडळाचे टाळ असतात, जुने, कोणी कोणी दिलेले. ऑगस्टमध्ये एक दिवस पुढच्या रांगेतल्या मावशींनी त्यातला एक जोड माझ्या हातात दिला, घे म्हणाल्या, नुसती उभी राहून हात दुखतात. आमच्या भागात भजनाला छोट्या झांजा पण असतात पण हरिपाठाला टाळ लागतो, काशाचा, जाडजूड, हातात घेतला की मनगट खाली येतं. मी वाजवला तर ठप्प असा आवाज. परत वाजवला, ठप्प. मावशींनी माझे हात धरून दाखवलं. दोरी बोटावर गुंडाळून घ्यायची म्हणजे टाळ लोंबत नाही, पण मूठ आवळायची नाही, तळवा टाळाला चिकटला की नाद तिथेच मरतो. आणि वाटीवर वाटी सपाट आपटायची नाही, हवा अडकते आत. जरा तिरका धरून काठावर काठ लागू द्यायचा आणि लगेच सोडायचा. "मारायचं नाही, सोडायचं," असं त्या दहा वेळा म्हणाल्या असतील. मी आठ दिवस मारतच होते. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर दोरीचा वळ पडला, मग फोड आला, मग तो फुटला, भांडी घासताना असं चुरचुरायचं की विचारू नका. हे म्हणाले सोड ना, नुसतं म्हण. पण मला ते सोडवेना. आणि एक दिवस, नक्की कसं ते सांगता येणार नाही, टाळ वाजला. म्हणजे खण्ण असा वाजला आणि तो आवाज हातातून सुटून वर गेला, पत्र्यापर्यंत, आणि पुढचा ठोका पडेपर्यंत टिकला. मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली. डोळ्यात पाणी आलं माझ्या, खरंच सांगते. चाळिशी उलटलेली बाई मी, शेवटचं नवीन काही कधी शिकले होते ते आठवत नाही, स्कूटी बहुतेक, मुलगा बालवाडीत होता तेव्हा.

त्यानंतर लय. धिमी चाल असते तोवर सगळं बरं, पण मृदंग दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत गेला की माझे हात आणि तोंड वेगवेगळीकडे जायचे, शब्द म्हटले की टाळ थांबायचा, टाळ वाजला की शब्द विसरायचे. पायाचं तर बोलायलाच नको, पावलीत एक पाऊल पुढे, एक मागे, परत वळून, मी कायम समोरच्या काकूंच्या पायावर. त्या एकदाही काही बोलल्या नाहीत, अजूनही मला त्यांच्या अंगठ्याची माफी मागावीशी वाटते. आता जमतं बऱ्यापैकी. एकदा जमायला लागलं की मग डोकं मोकळं होतं. घरातून निघताना डोक्यात भाजी काय, फी कधी भरायची, यांच्या ओव्हरटाईमचे पैसे आले का, हे सगळं असतं, आणि पाचव्या-सहाव्या अभंगाला ते कुठे जातं कळत नाही. सात वाजता बाहेर आलं की परत येतं म्हणा. दळण घ्यायचंय, ते आठवतंच.

एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकायची ती पण सांगते. माईक कायम पुरुषांच्या रांगेत. बायका संख्येने दुप्पट, रोज येणाऱ्या बायकाच जास्त, पाठांतर बायकांचं पक्कं, पण चाल धरायची पुरुषांनी आणि आम्ही मागून म्हणायचं. कोणी मुद्दाम केलेलं नाही, वर्षानुवर्षं तसं चालत आलंय एवढंच. मी नवीन, मी काय बोलणार. पण सप्टेंबरमध्ये पितृपक्षात बरेच पुरुष गावाला गेले होते आणि एका संध्याकाळी पुढे चाल धरायला कोणी नव्हतं. बाबांनी इकडे तिकडे बघितलं आणि आईंना म्हणाले, माउली तुम्ही घ्या. माझ्या सासूबाई, ज्या घरात टीव्हीचा आवाज कमी करा हेसुद्धा दोनदा विचार करून सांगतात, त्या पुढे गेल्या, माईक तोंडाजवळ धरला आणि पहिला अभंग असा काही उचलला की मी टाळ वाजवायचा विसरले. बावीस वर्षं एका घरात राहून मला त्यांचा हा आवाज माहीत नव्हता. आता गुरुवारी बायकाच चाल धरतात. बाबांनीच ठरवलं ते, कोणाला मागावं लागलं नाही. माझं म्हणणं एवढंच की रोज व्हावं, एक दिवस बायकांचा आणि सहा दिवस पुरुषांचे असं कशाला, आणि हे मी बाबांना बोलले पण आहे, ते हसून बघू म्हणाले. मी परत विचारणार आहे.

बाकी मंडळात देण्याघेण्याचं फारसं काही नाही. वर्गणी नाही, पेटीत जे टाकाल ते. रोज एका घराचा प्रसाद, साखर-फुटाणे, केळी, एकादशीला शेंगदाण्याचे लाडू किंवा खजूर. आमची पाळी महिन्यातून एकदा येते. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी काला असतो, त्यासाठी ज्वारीच्या लाह्या आणायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या लाह्यांसाठी मी भोसरीपर्यंत फिरले, कारण मला मक्याच्या नको होत्या, ज्वारीच्याच हव्या होत्या. शेवटी एका भडभुंज्याकडे मिळाल्या, गरम, नुकत्या फुटलेल्या. पोहे, लाह्या, दही, काकडी, डाळिंबाचे दाणे, लोणच्याचा खार, सगळं परातीत हाताने कालवायचं, आणि ते कालवायला मला बसवलं. वास अजून नाकात आहे.

माळेचं लोक विचारतात. मी माळ घातलेली नाही. आईंच्या गळ्यात आहे तुळशीची, त्यांच्या माहेरापासून. माळ घातली की मांसाहार बंद, एकादशी करायची, पंढरीची वारी करायची, हे पाळायचं असेल तरच घालायची. आमच्याकडे रविवारी चिकन होतं, ह्यांना आणि मुलाला लागतं, मी पण खात होते, आईंचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यात. मला मंडळात आजपर्यंत एकाही माणसाने माळ घाल म्हटलेलं नाही. मीच बाबांना विचारलं तर म्हणाले, "घाई नाही, येत जा." एकादशी मात्र मी आषाढीपासून धरलीय, ६ जुलैपासून, त्यातल्या दोन चुकल्या, एक तर सकाळी सवयीने चपातीचा तुकडा तोंडात टाकला तेव्हा आठवलं. चिकन मी बनवते, खाणं आपोआप कमी होत गेलं. घालेन तेव्हा पूर्ण पाळायची म्हणून घालेन, अर्धवट नको.

कोजागिरीपासून काकडा, म्हणजे पहाटेची आरती आणि भजन, सुरू झाला, तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर, पहाटे पाचला. तो मला रोज नाही जमला, डबे असतात. शनिवार-रविवार गेले. अंधारात आईंचा हात धरून चालत जायचं, त्या वेळी रस्त्याला गाड्या कमी, थंडी नुकती पडायला लागलेली, आणि परत येताना दूधवाला भेटायचा त्याच्याकडूनच पिशवी घ्यायची.

आता नोव्हेंबरची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त सांगायचीय. आईंना सासऱ्यांची फॅमिली पेन्शन आहे, त्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. दरवर्षी आम्ही बँकेत जातो, मशीनवर अंगठा लावतो, झालं. यावर्षी अंगठा लागेना. उजवा, डावा, सगळी बोटं झाली. हात धुवून, पुसून, डोक्याचं तेल लावून, काही नाही. तिथल्या माणसाने सांगितलं उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर लाईन आणि परत तेच. आई काउंटरवरून मागे फिरल्या आणि त्यांचं तोंड इतकंसं झालेलं. रिक्षात म्हणाल्या, "मी जिवंत आहे हे माझ्या बोटालाच पटत नाही का गं." मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. बोटांच्या टोकांवर रेषा जवळजवळ राहिल्याच नाहीत, गुळगुळीत, पन्नास-पंचावन्न वर्षं भांडी, धुणं, शेणगोठा, आणि टाळाची दोरी.

त्या संध्याकाळी हरिपाठाला त्या म्हणेनात. नुसत्या उभ्या. संपल्यावर एका काकूंनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, तर मागून एक जण म्हणाले, पोस्टातून रिटायर झालेत ते, "अहो वहिनी, चेहऱ्यावर होतं की आता, मोबाईलवर, थांबा पाच मिनिटं." त्यांनी स्वतःचा तसाच काढला होता. तिथेच सभामंडपात सतरंजीवर बसलो. माझ्या फोनमध्ये दोन अॅप टाकावी लागली, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधारचं चेहरा ओळखणारं. नेट जरा रेंगाळत होतं. मी घरी फोन करून मुलाकडून पासबुकाचा आणि पीपीओ नंबरच्या, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या, कागदाचा फोटो मागवला. आधार नंबर, ओटीपी, बँकेचा खाते नंबर, सगळं भरलं, मग त्यात एक प्रश्न आला की पुनर्विवाह केला आहे का. मी मोठ्याने वाचला आणि सगळ्या काकू अशा हसल्या, आईसुद्धा, दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग चेहरा. फोन समोर धरला, गोल आला त्यात चेहरा बसवायचा. चष्मा काढा म्हणाले. उजेड कमी पडतोय असं दाखवायला लागलं तर मृदंगवाला मुलगा उठला आणि गाभाऱ्यासमोरचा मोठा दिवा लावून आला, आईंना तिकडे तोंड करून बसवलं, विठ्ठलाकडे. मग डोळ्यांची उघडझाप करा असं आलं. आता ऑपरेशन झालेला डोळा, महिनोन् महिने जपलेला, त्या घाबरून मिटेचनात. मी म्हटलं आई, हळू मिटा, हळू उघडा. दोनदा फेल गेलं. तिसऱ्यांदा बाजूच्या मावशी म्हणाल्या, "देवाला नमस्कार करताना मिटता ना, तसे मिटा." त्यांनी मिटले, उघडले, गोल हिरवा झाला. थोड्या वेळात मेसेज आला नंबरासकट. ते पोस्टवाले काका म्हणाले झालं, आता वर्षभर चिंता नाही, आणि चप्पल घालून निघूनसुद्धा गेले. आम्ही त्यांना चहासुद्धा विचारला नाही गडबडीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी खास आल्याच्या वड्या नेऊन दिल्या. त्यानंतरच्या दहा दिवसांत त्याच सतरंजीवर अजून पाच जणांचे दाखले निघाले, त्यातले दोन मी काढले.

१५ नोव्हेंबरला कार्तिक वद्य एकादशी, आळंदीची यात्रा. माउलींच्या जन्माचं ७५०वं वर्ष म्हणून गर्दी नेहमीपेक्षा जास्त असेल असं सगळे म्हणत होते. मंडळ दरवर्षी पायी जातं, दिघीहून आळंदी आठेक किलोमीटर, फार नाही, पण मी याआधी कधी चालत गेले नव्हते, इतकी वर्षं इतक्या जवळ राहून. शनिवार होता. पहाटे चारला निघालो, वडमुखवाडीला थोरल्या पादुकांपाशी थांबलो, पुढे चऱ्होली फाटा, देहूफाटा, तोवर उजाडलं. रस्ताभर माणसं, मराठवाड्यातल्या दिंड्या, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. आई दोन काकूंबरोबर बसने देहूफाट्यापर्यंत आल्या आणि तिथून आमच्यात मिसळल्या.

माउलींच्या समाधीच्या दर्शनाची रांग बघितली आणि आईंच्या गुडघ्यांकडे बघितलं, ते काही शक्य नव्हतं. महाद्वारात, पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांच्या पायरीला डोकं टेकवायला मिळालं, कळसाचं दर्शन घेतलं आणि घाटावर आलो. इंद्रायणीच्या पाण्याला वास होता, कडेला फेस. त्या पाण्यात लोक श्रद्धेने डुबकी मारत होते आणि ते बघून मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. आईंनी पाणी डोळ्याला लावू नये म्हणून मी त्यांचा हात धरून ठेवला. नदीला लांबूनच नमस्कार केला त्यांनी. मग घाटाच्या वरच्या पायरीवर आमचं मंडळ उभं राहिलं आणि हरिपाठ झाला, माईक नाही, मृदंग एकच, आजूबाजूला अजून चार-पाच दिंड्यांचे हरिपाठ चालू, आपला आवाज आपल्याला ऐकू येईना, तरी चुकलं नाही कुठे. अनोळखी बायका मध्येच आमच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या आणि संपल्यावर पाया पडून निघून गेल्या.

परत निघताना आईंनी मला टाळांच्या दुकानात नेलं. टाळ वजनावर मिळतात. दुकानदाराने पाच-सहा जोड पुढे टाकले, आई प्रत्येक जोड एकदाच वाजवायच्या आणि कानाशी धरून नाद संपेपर्यंत थांबायच्या, त्या गर्दीत, गोंगाटात, डोळे मिटून. चौथा घेतला. दुकानदाराने लाल दोरी ओवून गाठ मारून दिली. मी पाकीट काढलं तर त्यांनी हात मागे सारला आणि कमरेच्या पिशवीतून पैसे काढले, पेन्शनचे.

घरी यायला दुपारचे दोन वाजले. उपास, पाय भरून आलेले, मुलाने भगर करून ठेवली होती, जरा चिकट झालेली पण गरम. आईंनी ड्रॉप घातले आणि आडव्या झाल्या. मी नवा टाळ देवघरात ठेवत होते तर आतून आवाज आला, "ज्वारी संपलीय ना गं? मग आज साडेपाचलाच निघू, गिरणीत गर्दी असते शनिवारची."